डीआरव्हीव्हीटी चुकते कुठे? ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी, एकेक पायरी नीट

"किट नवं आहे, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल) बसतोय, मग त्याच पेशंटचा रिपोर्ट एकदा निगेटिव्ह आणि एकदा पॉझिटिव्ह कसा?" बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठूनही फोन आला तरी प्रश्न हाच असतो. मी सोलापुरात कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या, टेबलावर काम करते आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) मुलांना शिकवते. डीआरव्हीव्हीटी म्हणजे घोणसचं (रसेल व्हायपरचं) पातळ केलेलं विष प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढलेल्या रक्तात, घालून तो किती वेळात गोठतो ते मोजणारी चाचणी. ती ल्युपस अँटिकोॲग्युलंट शोधते, म्हणजे शरीरात गुठळ्या होण्याचा आणि गर्भ जाण्याचा धोका वाढवणारी अँटिबॉडी. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा किटमध्ये सापडत नाही. घोणसचं विष आपलं काम चोख करतं. विष प्लाझ्मात पडायच्या आधीच आपण प्लाझ्मा बिघडवलेला असतो.

ते समजण्यापुरती चाचणीची आतली गोष्ट सांगते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. घोणसच्या विषातला एक घटक फॅक्टर दहाला थेट चालू करतो. सात, आठ, नऊ, अकरा आणि बारा या फॅक्टरांची गरजच उरत नाही. पुढे दहा, पाच, कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध पदार्थ) मिळून प्रोथ्रोम्बिनचं थ्रोम्बिन करतात आणि गुठळी होते. चाचणीत दोन रिएजंट, म्हणजे रसायनं, असतात: स्क्रीन आणि कन्फर्म. स्क्रीन रिएजंटमध्ये विष पातळ केलेलं असतं आणि फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे आपल्या भाषेत एलए, असेल तर ते थोडंसं फॉस्फोलिपिड अडवलं जातं आणि वेळ लांबते. कन्फर्म रिएजंटमध्ये फॉस्फोलिपिड भरपूर असतं, म्हणून तिथे वेळ पुन्हा आटोक्यात येते. अख्खी चाचणी या 'कमी' आणि 'भरपूर'च्या फरकावर उभी आहे. प्लेटलेटच्या आवरणात फॉस्फोलिपिडच असतं. प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या तर तुमचा स्क्रीन आपोआप कन्फर्मसारखा वागायला लागतो आणि एलए लपून जातं. पुढच्या प्रत्येक पायरीत हे लक्षात ठेवा.

## सुरुवातीलाच: कोणतं विष कशासाठी

घोणसच्या विषावर डीआरव्हीव्हीटी चालते. फुरशाच्या विषातलं एकॅरिन आणि ऑस्ट्रेलियातल्या तायपानचं विष थेट प्रोथ्रोम्बिनवर काम करतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या, म्हणजे वॉरफरिन किंवा फॅक्टर दहा अडवणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या पेशंटमध्ये मोठ्या लॅब ही जोडी वापरतात. दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स सापाच्या विषापासून रेप्टिलेज रिएजंट बनतं, त्याची गरज पायरी ६ मध्ये पडेल.

इशारा: ही चाचणी सर्पदंशाची नाही. घोणस चावलेल्या शेतकऱ्याच्या फॉर्मवर 'रसेल व्हायपर टेस्ट' असं लिहून आलेलं मी स्वतः पाहिलंय. त्या माणसाला त्या क्षणी २० मिनिटांची होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट लागते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच आडवं करून गुठळी झाली का बघायचं. सोबत पीटी, एपीटीटी (रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या दोन चाचण्या) आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन). असा फॉर्म दिसला की सॅम्पल रांगेत ठेवू नका, लगेच वॉर्डात फोन करा.

विद्यार्थी दरवर्षी विचारतात, सर्पमित्राकडून विष मिळालं तर स्वस्तात रिएजंट होईल का? नाही. कच्च्या विषात अनेक घटक मिसळलेले असतात, त्याची ताकद प्रमाणित नसते आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ असं विष जवळ बाळगू देत नाही. तयार किटच वापरा.

## पायरी १: फॉर्म वाचा, पेशंटशी बोला

सुई हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं फॉर्मवर लिहा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पेशंटला नाव सांगता येत नाही, म्हणून गोळ्यांची पट्टीच बघायला मागा. वॉरफरिन असेल तर त्याच दिवशीचा आयएनआर (पीटीवरून काढलेला, गोळीचा परिणाम दाखवणारा आकडा) करा. १.५ च्या आत असेल तर चाचणी चालते. १.५ ते ३ च्या दरम्यान पेशंटचा प्लाझ्मा नॉर्मल पूलमध्ये (अनेक निरोगी लोकांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मात) समप्रमाणात मिसळून करता येते, पण अर्थ लावताना जपावं लागतं. ३ च्या वर करूच नका. रिव्हारॉक्साबॅन (फॅक्टर दहा अडवणारी गोळी) चालू असेल तर डीआरव्हीव्हीटी बहुतेक वेळा लांबते आणि खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, डोसच्या अगदी आधी रक्त घेतलं तरीसुद्धा. अशा सॅम्पलमधून कार्बनच्या गोळीने औषध काढून मग चाचणी करण्याची सोय असेल तर वापरा. नसेल तर सॅम्पल परत करा.

रक्त पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन कधी घेतलं? पोटाच्या कातडीखाली घेतात त्या लो मॉलिक्युलर हेपरिनच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ तास जाऊ द्या.

सध्या ताप, मोठं इन्फेक्शन, नुकतीच झालेली गुठळी किंवा बाळंतपण? अशा दिवसांत निकाल दोन्ही बाजूंनी फसवतो. सीआरपी (इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रथिन) वाढलेला असेल तर जोडीची एपीटीटी खोटी लांबू शकते आणि फॅक्टर आठ वाढलेला असेल तर तीच एपीटीटी आखडते.

इशारा: गोळी बंद करा असं लॅबने पेशंटला कधीही सांगायचं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

## पायरी २: रक्त घेणं

फिकट निळ्या झाकणाची ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची ट्यूब घ्या. प्रमाण नऊला एक: २.७ मिली रक्त, ०.३ मिली सायट्रेट. ट्यूब खुणेपर्यंत भरा. ९० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर टाकून द्या, कारण जास्तीचं सायट्रेट कॅल्शियम खातं आणि वेळ उगाच लांबते. बटरफ्लाय सुई वापरत असाल तर आधी एक टाकाऊ ट्यूब भरा, नळीतली हवा पहिल्या ट्यूबची जागा खाते. हेपरिन फ्लश केलेल्या लाइनमधून रक्त घेऊ नका. ट्यूब तीन-चार वेळा हलकेच उलटीसुलटी करा, घुसळू नका.

हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं शेकडा प्रमाण) ५५ च्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं लागतं. सूत्र: ०.००१८५ × (१०० − हिमॅटोक्रिट) × रक्ताचे मिली. ६० हिमॅटोक्रिट आणि ४.५ मिली रक्त असेल तर सायट्रेट ०.३३ मिली येतं, नेहमीचं ०.५ नाही.

नेहमीची चूक: निळी ट्यूब कमी भरली म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून थोडं ओतणं. त्या ट्यूबमधलं रसायन, ईडीटीए, आलं की ते सॅम्पल संपलं. पुन्हा टोचल्याबद्दल पेशंटची माफी मागा, पण पुन्हा घ्या.

## पायरी ३: सॅम्पल आणणं

सॅम्पल १८ ते २५ अंशांत हवं आणि रक्त काढल्यापासून ४ तासांत प्लाझ्मा वेगळा झालेला हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. मग कलेक्शन सेंटरची मुलं चांगल्या हेतूने ट्यूब बर्फाच्या पॅकमध्ये गुंडाळून एसटीने पाठवतात. ट्यूब हातात घेतली की बोटांना गार लागते, बाहेर पाण्याचे थेंब जमलेले असतात. असं सॅम्पल मी घेत नाही. थंडीने फॅक्टर सात चालू होतो, प्लेटलेट बिथरतात आणि जोडीच्या चाचण्यांचाही भरवसा जातो.

उपाय सोपा आहे. जेल पॅक फ्रीझरमध्ये ठेवू नका, एसी खोलीत रात्रभर २२ अंशांवर ठेवा. थर्मोकोलच्या डब्यात ते चारही बाजूंनी लावा आणि मध्ये साधा थर्मामीटर टाका. मी हा डबा मे महिन्यात पंढरपूरच्या फेरीला वापरला आहे, २५ च्या वर काटा गेला नाही.

रस्त्याचा वेळ मात्र प्रामाणिकपणे मोजा. पंढरपूर किंवा बार्शी साधारण ७० किलोमीटर, पण सकाळी ९ ला काढलेलं रक्त दुपारच्या गाडीने निघालं तर ४ तास वाटेतच संपतात. आषाढीच्या दिवसांत तर पंढरपूरच्या बाजूने वेळेचा हिशेब लागतच नाही. माझं मत विचाराल तर या एका चाचणीसाठी पेशंटलाच सोलापूरला बोलवा. त्यांना एक खेप पडते, पण ती खोट्या रिपोर्टपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

## पायरी ४: दोनदा फिरवा, आणि दोनदाच फिरवा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून सावकाश सांगते.

काही वर्षांपूर्वी तीन वेळा गर्भ गेलेल्या एका मुलीचं सॅम्पल माझ्याकडे होतं. त्या दिवशी काम फार होतं. मी प्लाझ्मा एकदाच फिरवला, गोठवला आणि चार दिवसांनी बॅचमध्ये लावला. डीआरव्हीव्हीटी नॉर्मल आली. तिच्या डॉक्टर मॅडमना पटेना, त्यांनी पुन्हा पाठवलं. या वेळी दोनदा फिरवून केलं आणि स्क्रीन सरळ लांबलेला, कन्फर्मला उतरलेला. पहिल्या सॅम्पलमध्ये उरलेल्या प्लेटलेट गोठताना फुटल्या होत्या आणि त्यांच्या फॉस्फोलिपिडने तिचं एलए झाकलं होतं. तो पहिला रिपोर्ट तसाच राहिला असता तर पुढच्या गरोदरपणात तिला उपचार मिळाले नसते. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एकदा फिरवलेला प्लाझ्मा फ्रीझरमध्ये जात नाही.

आता कृती.

पहिली फेरी: २००० जी, १५ मिनिटं, १८ ते २५ अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू असला की थांबताना हिसका बसतो आणि खाली बसलेल्या प्लेटलेट पुन्हा वर येतात.

इथे 'जी' म्हणजे प्लाझ्मावर पडणारा जोर, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) नव्हे. सूत्र: ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएम × आरपीएम. त्रिज्या म्हणजे रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर, पट्टीने मोजा. १६ सेंटिमीटरच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे साधारण १६१० जी. १० सेंटिमीटरच्या लहान टेबलटॉप मशीनवर तेच ३००० आरपीएम म्हणजे जेमतेम १००६ जी. २००० जी हवं असेल तर मोठ्या मशीनवर सुमारे ३३५० आणि लहानवर सुमारे ४२३० आरपीएम लागेल. "आम्ही ३००० वर फिरवतो" हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे. तुमच्या मशीनचा आकडा काढा आणि चिठ्ठी झाकणावर चिकटवा.

वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये घ्या. काच नको. टोक प्लाझ्माच्या वरच्या पातळीलाच ठेवा आणि पातळी उतरेल तसं खाली न्या. लाल पेशींवर जो पांढुरका पातळ थर दिसतो त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडा. शेवटचा थेंब काढायचा मोह होतो आणि त्याच थेंबात प्लेटलेट असतात.

दुसरी फेरी: तीच ट्यूब २५०० जी, १० मिनिटं. तळाशी काही दिसणार नाही, तरी तिथे थर आहे असंच समजा. वरचा तीन चतुर्थांश भाग नव्या ट्यूबमध्ये घ्या, तळाचा टाकून द्या.

तपासा: तयार प्लाझ्मा सेल काउंटरवर चालवा. प्लेटलेट १०,००० प्रति मायक्रोलिटरच्या खाली हव्यात. पद्धत बसवताना सलग दहा सॅम्पलवर हे करा आणि सेंट्रिफ्यूजची सर्व्हिसिंग झाली की पुन्हा करा.

## पायरी ५: गोठवणं आणि वितळवणं

४ तासांत चाचणी करणार असाल तर गोठवू नका. नाहीतर ०.५ मिलीचे भाग करून लेबल लावा. उणे २० वर दोन आठवडे, त्याहून जास्त ठेवायचं तर उणे ७० किंवा खाली. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज चालत नाही, तो आपोआप थोडा तापतो आणि पुन्हा गार होतो.

वितळवताना ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं. टेबलावर ठेवून हळूहळू वितळवू नका, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ खाली बसतात. नंतर हलकेच उलटंसुलटं करून मिसळा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

## पायरी ६: हेपरिन शिरलंय का?

डीआरव्हीव्हीटीच्या आधी पीटी, एपीटीटी आणि थ्रोम्बिन टाइम (थ्रोम्बिन घातल्यावर गुठळीला लागणारा वेळ) करा. थ्रोम्बिन टाइम खूप लांबला तर रेप्टिलेज टाइम लावा. रेप्टिलेजमधलं एन्झाइम फायब्रिनोजेनमधून फक्त फायब्रिनोपेप्टाइड ए तोडतं आणि हेपरिन त्याला अडवू शकत नाही. म्हणून:

थ्रोम्बिन टाइम लांब, रेप्टिलेज नॉर्मल: सॅम्पलमध्ये हेपरिन आहे, किंवा डाबिगॅट्रान (थ्रोम्बिन अडवणारी गोळी).

दोन्ही लांब: फायब्रिनोजेन कमी किंवा सदोष आहे, नाहीतर त्याचे तुकडे वाढलेले आहेत.

डीआरव्हीव्हीटीच्या बहुतेक रिएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारा पदार्थ असतो, पण त्यालाही मर्यादा असते. ती तुमच्या पॅक इन्सर्टवर (किटसोबतच्या माहितीपत्रकावर) छापलेली असते, तिथूनच घ्या. हेपरिन त्याहून जास्त असल्याचा संशय असेल तर थांबा.

## पायरी ७: रिएजंट तयार करणं

बाटली फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बूच हळू उघडा, आतल्या निर्वातामुळे पावडर उडू शकते. इन्सर्टवर लिहिलेलं तितकंच डिस्टिल्ड पाणी पिपेटने घाला. नळाचं किंवा घरच्या आरओचं पाणी अजिबात नको, आपल्याकडचं पाणी जड आहे आणि कॅल्शियम इथे निकाल बदलतं. गोल फिरवून विरघळवा. फेस आला म्हणजे तुम्ही हलवलंत. इन्सर्टवरची वेळ पूर्ण होईपर्यंत ठेवा, विरघळलेलं दिसलं म्हणून लगेच वापरू नका.

नवी मुलं विषाला घाबरतात. रिएजंटमध्ये विष फार पातळ असतं. ग्लोव्हज घाला आणि तोंडाने पिपेट कधीच ओढू नका, एवढं पुरे. खरा धोका पेशंटच्या रक्ताचा असतो.

इशारा: दोन लॉट मिसळू नका. लॉट बदलला की नॉर्मल पूल आणि दोन्ही कंट्रोल पुन्हा चालवून नवे आकडे लिहा.

## पायरी ८: स्क्रीन, मिक्स, कन्फर्म

मशीनच्या गरम ब्लॉकचं तापमान थर्मामीटरने ३७ आहे का बघा. वीज जाऊन आली असेल तर मशीनच्या डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका, पुन्हा मोजा.

१. नॉर्मल पूल, नॉर्मल कंट्रोल आणि एलए पॉझिटिव्ह कंट्रोल आधी लावा. कंट्रोल बसला नाही तर पेशंटला हात लावू नका.

२. कपमध्ये १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, इन्सर्टवरच्या वेळेइतका ३७ अंशांवर. मग गरम केलेलं १०० मायक्रोलिटर स्क्रीन रिएजंट एका दमात सोडा आणि त्याच क्षणी घड्याळ चालू करा. बुडबुडा नको. कॅल्शियम रिएजंटमध्येच आहे, वेगळं घालू नका. प्रमाण तुमच्या किटमध्ये वेगळं असेल तर किटचंच पाळा.

३. प्रत्येक सॅम्पल दोनदा. दोन वेळांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा करा.

४. स्क्रीन लांबला तर पेशंट आणि नॉर्मल पूल समप्रमाणात मिसळून लगेच स्क्रीन करा.

५. मग कन्फर्म रिएजंटने पेशंट आणि नॉर्मल पूल, दोन्ही.

मिक्समध्ये वेळ पूर्ण सुधारली तर फॅक्टरची कमतरता किंवा वॉरफरिनचा विचार करा. पण हलकं एलए निम्मं पातळ झालं की मिक्समध्ये दिसेनासं होतं. म्हणून मिक्स सुधारला एवढ्यावर कन्फर्म सोडून देऊ नका.

गुठळीच झाली नाही असं मशीनने दाखवलं तर पॉझिटिव्ह लिहू नका. सॅम्पलमध्ये आधीच गुठळी होती का, ते काडी फिरवून बघा, आणि पायरी ६ परत तपासा.

## पायरी ९: गणित

सेकंद रिपोर्ट करायचे नाहीत, गुणोत्तर करायचं. उदाहरण घेते.

स्क्रीन: पेशंट ६२ सेकंद, पूल ३६ सेकंद. ६२ ÷ ३६ = १.७२.

कन्फर्म: पेशंट ३८ सेकंद, पूल ३३ सेकंद. ३८ ÷ ३३ = १.१५.

नॉर्मलाइज्ड रेशो: १.७२ ÷ १.१५ = १.५०.

बऱ्याच लॅब १.२ ही सीमा धरतात. ती तुमच्या मशीनला आणि रिएजंटला जशीच्या तशी बसेल असं नाही. निरोगी रक्तदात्यांचे किमान ४० प्लाझ्मा, हो, दोनदा फिरवलेलेच, चालवा आणि ९९ व्या पर्सेंटाइलवर स्वतःची सीमा ठरवा.

नेहमीची चूक: पूलचे सेकंद मागच्या महिन्याच्या कागदावरून उचलणं. पूल रोजच्या रोज, त्याच बॅचमध्ये चालवायचा.

## पायरी १०: रिपोर्ट

फक्त 'पॉझिटिव्ह' लिहून सोडू नका. तिन्ही गुणोत्तरं, तुमची सीमा, पेशंटचं औषध आणि त्या दिवशीचा आयएनआर लिहा. डीआरव्हीव्हीटी निगेटिव्ह आली तरी एलए नाही असं म्हणता येत नाही. कमी फॉस्फोलिपिडची, एलएला संवेदनशील एपीटीटी सोबत हवीच, दोन्हींपैकी एक पॉझिटिव्ह आली तरी पॉझिटिव्ह. अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १ या चाचण्या वेगळ्या असतात, त्या सुचवा.

काउंटरवरच्या माणसालाही एक गोष्ट समजावून ठेवा. 'वेळ लांबली' हे वाचून नातेवाइकांना "रक्त पातळ आहे" असं सांगितलं जातं. एलएमध्ये ट्यूबमधलं रक्त उशिरा गोठतं, पण शरीरात गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. चुकीच्या एका वाक्याने कुणी आपली गोळी बंद करू शकतं.

पहिल्या पॉझिटिव्हवर निदान होत नाही. किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची असते. "दोन-अडीच महिन्यांनी या" असं तोंडी सांगितलं की पेशंट दहाव्या आठवड्यातच येतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून मी ८४ दिवस मोजून तारीख रिपोर्टवरच लिहिते आणि खाली एक ओळ घालते: येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा.